रुग्ण पाणी पीत नाही

आपल्याकडे औषधांचा तुटवडा कधीच नव्हता. घरात एकाला शिंक आली की चौघं चार औषधं सुचवतात, आणि पाचवा, जो खरं तर पेपरचं बिल घ्यायला आलेला असतो, तो आपल्या मेव्हण्याला कशाने गुण आला ते सांगून जातो. टंचाई आहे ती निदानाची. 'झालंय काय' हे विचारायच्या आत 'घ्यायचं काय' हे ठरवून मोकळं व्हायचं, ही आपली राष्ट्रीय उपचारपद्धती. तिच्याविरुद्ध एकहाती लढणारा एक माणूस डोंबिवलीत, आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. तो डॉक्टर नाही. आणि त्याचे रुग्ण मासे आहेत.

त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्यांची सगळी नोकरी बँकेच्या तपासणी खात्यात गेली. आगाऊ सूचना न देता शाखेत जाऊन उभं राहायचं, रोकड मोजायची, वह्या मागवायच्या आणि मॅनेजरने मागवलेला चहा समोर थंड होऊ द्यायचा. "चहा घेतला की अहवालात साखर उतरते," हे त्यांचं तत्त्व. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा सुरुवातीला त्यांनी काकूंचा किराण्याचा हिशेब तपासायला घेतला. काकूंनी धोका वेळीच ओळखला आणि मुलाकडून हॉलमध्ये माशांची टाकी बसवून घेतली. मासे हा तात्यांचा जुना विषय. चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं १९५१ साली. पुढे तात्यांच्या शाळेची सहल तिथे गेली, तेव्हा बाकीची मुलं काचेला नाकं लावून कासव शोधत होती आणि तात्या टाकीतलं घाण पाणी कोणत्या नळीने बाहेर जातं ते शोधत होते.

तात्यांचा सिद्धान्त एका वाक्याचा आहे: मासा आजारी पडत नाही, पाणी आजारी पडतं. त्यामुळे आजारी मासा दाखवायला कोणी आलं, की तात्या माशाकडे बघतच नाहीत. ते पाण्याचा नमुना मागतात. तो काचेच्या नळीत घेतात, त्यात थेंब टाकतात, पिवळा रंग हिरवट व्हायला लागला की "अमोनिया" असं म्हणतात, आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर रोकड कमी भरल्याचा जुना आनंद उमटतो. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात जातो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. यातली पहिली दोन माशाला विष, तिसरं बरंच सौम्य. तात्यांच्या भाषेत, "नोंद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली पाहिजे. मधेच अडकली, की घोटाळा."

नवा मासा ते कुर्ल्याच्या बाजारातून आणतात. ऑक्सिजन भरलेली पिशवी मांडीवर घेऊन, लोकलच्या गर्दीत दोन्ही कोपरं बाहेर काढून बसतात. मात्र घरी आलेल्या माशाला टाकीत थेट प्रवेश नाही. तीन-चार आठवडे त्याने वेगळ्या टाकीत राहायचं, खाऊन दाखवायचं, आणि तात्यांच्या शब्दांत, 'विष्ठा सादर करायची'. ती समाधानकारक असली तरच घरात घ्यायचं. काकू म्हणतात, "सुनेला लग्नाच्या दिवशीच स्वयंपाकघरात येऊ दिलं, हा यांनी तिच्यावर दाखवलेला फार मोठा विश्वास."

तात्यांचा खरा वैरी म्हणजे निळी बाटली. माशांच्या कोणत्याही दुकानात जा आणि सांगा, मासा खात नाही. निळी बाटली. तिरका पोहतो? निळी बाटली. पोट फुगलंय, पोट खपाटीला गेलंय, एकच डोळा सुजलाय? निळी बाटली. आत मिथिलीन ब्लू असतं. ते माशांच्या अंड्यांवर बुरशी धरू नये म्हणून चांगलं; पण आतड्यातल्या रोगाशी त्याचा संबंध नाही. "तरी लोक घालतात," तात्या सांगतात, "कारण पाणी निळं झालं की मालकाला बरं वाटतं. माशाला काय वाटतं, ते त्या निळ्यात दिसतच नाही."

तर, तिसऱ्या मजल्यावरच्या इस्टेट एजंटचा फ्लॉवरहॉर्न आजारी पडला.

फ्लॉवरहॉर्न हा मासा कुठल्या नदीत सापडत नाही. मलेशियातल्या हौशी लोकांनी १९९०च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या नद्यांमधल्या सिक्लिड माशांचे संकर करून तो घडवला. याच्या कपाळावर मोठं टेंगूळ असतं आणि जितकं टेंगूळ मोठं तितकी किंमत जास्त. अंगावर काळ्या खुणा असतात. तिकडे लोक त्या खुणांत चिनी अक्षरं वाचतात आणि लॉटरीचे आकडे शोधतात. इकडे वास्तुतज्ज्ञ तो घरात ठेवायला सांगतात. एजंटने तो अशाच सल्ल्याने घेतला होता, आणि गेली दोन वर्षं त्यांचा धंदा त्या टेंगळाच्या प्रमाणात वाढतो आहे अशी त्यांची खात्री होती. आता मासा कोपऱ्यात तोंड करून उभा राहत होता. खाणं तोंडात घ्यायचा आणि थुंकून टाकायचा. रंग काळवंडला होता. टेंगूळ बसत चाललं होतं, आणि त्याच आठवड्यात त्यांचे ठरलेले दोन व्यवहार फिसकटले होते.

"आणि तात्या, सांगायलासुद्धा लाज वाटते," एजंट म्हणाले, "पण त्याला शी... पांढरी होतेय. दोऱ्यासारखी. लोंबते."

तात्यांनी वही उघडली. "लांबी?"

एजंटने एक बोट दाखवलं, मग विचार करून दीड.

"तुटते की तशीच राहते?"

"बराच वेळ तशीच फिरवतो."

तात्या तपासणी खात्यातला तो आवाज लावून म्हणाले, "टाकी बघायला येतो. काही हलवू नका. काही पुसू नका."

पुढचा अर्धा तास मी तिथे होतो, म्हणून सांगू शकतो. तात्यांनी समोर ठेवलेल्या चहाला हात लावला नाही. त्यांनी विचारलं, खायला काय देता? एजंट अभिमानाने म्हणाले, "चिकन खिमा. रोज. दुकानदार म्हणाला, टेंगूळ वाढतं." तात्यांनी लिहून घेतलं. फिल्टर शेवटचा कधी धुतला? वहिनी आतून म्हणाल्या, "दिवाळीच्या साफसफाईत. सगळा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पिळून काढला. केवढी घाण होती त्यात!" तात्यांनी डोळे मिटले. ती घाण म्हणजेच ते जिवाणू. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने त्यांचा दिवाळीतच निकाल लागला होता. टाकीत अमोनिया चढला होता, मासा बेजार झाला होता, आणि त्याच्या आतड्यात एरवी थोडक्यात गुण्यागोविंदाने राहणाऱ्या कुणाला तरी मोकळं रान मिळालं होतं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं आपण म्हणतो. इथे कोणीतरी माशात राहून माशाशी वैर धरलं होतं.

"म्हणजे रोग काय?" एजंटने विचारलं.

"आत्तापुरतं इतकंच सांगतो," तात्या म्हणाले, "सुबत्ता."

बातमी सोसायटीभर पसरायला वेळ लागला नाही, आणि निदानही तेवढ्यातच झालं: जंत. तळमजल्यावरच्या आजींनी वावडिंगाचं नाव घेतलं. दुधात उकळून पाजायचं, त्यांच्या तिन्ही नातवंडांना त्यानेच गुण आला होता. अंगणवाडीत काम करणाऱ्या ताई म्हणाल्या, १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना देतात ती अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी का नाही देत? मात्र ती चावून खायला हवी. सेक्रेटरींनी एरंडेल सुचवलं. ज्यांना काहीच सुचलं नाही त्यांनी गोड बंद करायला सांगितलं.

आजींनी एक नेमका प्रश्नही विचारला: "झोपेत दात खातो का रे तो?"

दुसरा कोणी हसला असता. तात्या थबकले. फ्लॉवरहॉर्नच्या घशात दातांचा आणखी एक जबडा असतो. सगळ्याच सिक्लिड माशांना असतो, त्यावर ते खाणं भरडतात. तो रात्री वाजतो का, हे तात्यांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि न ऐकलेल्या गोष्टीला 'नाही' म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या रात्री ते एजंटच्या घरी टाकीला कान लावून बसले. वहीत नोंद आहे: 'दंतघर्षण: ऐकू आले नाही. फ्रिज चालू असल्याने पुन्हा ऐकावे.'

बाकी सगळ्यांना त्यांनी सांगितलं की जंत असतीलही, नसतीलही. पांढरी दोरी दिसली म्हणजे जंत असं नाही. नुसत्या उपाशी माशाच्या आतड्यातूनसुद्धा पांढरा शेंबूड पडतो. लाल, केसाएवढे किडे गुदद्वारातून डोकावत असतील तर ते कॅमेलॅनस नावाचे गोलकृमी. त्याला लेव्हामिसोल किंवा फेनबेंडाझोल लागतं. पट्टकृमी असतील तर प्राझिक्वांटेल. आणि एकपेशीय परजीवी असतील, तर या तिन्हींचा उपयोग शून्य, तिथे मेट्रोनिडाझोल. उलट मेट्रोनिडाझोलने कृमीचा केसही वाकडा होत नाही. "एका कुलपाला दुसरी किल्ली लावायची, उघडलं नाही की आणखी जोर लावायचा, याला उपचार म्हणत नाहीत," तात्या म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या आणि जाताना एजंटला जिन्यात गाठून सांगितलं, "पण वावडिंगाने नुकसान तर नाही ना?"

तात्यांची भाची कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिच्याकडून सूक्ष्मदर्शक आला. आता नमुना हवा होता, आणि तो ताजा हवा होता. हे एकपेशीय जीव माशाच्या बाहेर फार टिकत नाहीत, आणि मेलेले असले की ओळखू येत नाहीत. ओळख पटते ती त्यांच्या धावपळीवरून. म्हणजे माशाने टाकलं रे टाकलं की ड्रॉपरने उचलायचं आणि काचपट्टीवर ठेवून लगेच बघायचं.

रविवारची सकाळ होती. एजंटच्या हॉलमध्ये तात्या ड्रॉपर घेऊन स्टुलावर, भाची सूक्ष्मदर्शकाशी, एजंट टॉर्च धरून, आणि मागे बसायला जागा नव्हती म्हणून उभे असलेले आम्ही. एवढी माणसं एका माशाच्या मागच्या बाजूकडे टक लावून पाहत होती आणि कोणी बोलत नव्हतं. मासा संकोचला असावा. त्याने काहीच केलं नाही. पोह्यांची एक फेरी झाली. सेक्रेटरी दबक्या आवाजात म्हणाले, "आपण बघतोय म्हणून होत नसेल." हे पटून सगळ्यांनी पाठ फिरवली आणि भिंतीवरच्या गणपतीकडे बघत राहिले, एकटे तात्या तेवढे कर्तव्य म्हणून बघत होते. अखेर त्यांचा आवाज आला, "सादर!" आणि धावाधाव झाली.

भाचीने भिंगातून पाहिलं, स्क्रू फिरवला आणि म्हणाली, "मामा, गर्दी आहे." तात्यांनी पाहिलं. बारीक, लांबट, आठ कशाभिकांचे जीव सैरावैरा पळत होते. स्पायरोन्यूक्लियस, जुने मासेवाले त्याला अजून हेक्झामिटाच म्हणतात. कृमींची अंडी एकही नव्हती. तात्यांनी आळीपाळीने सगळ्यांना दाखवलं. आजींनीही पाहिलं, बराच वेळ, आणि म्हणाल्या, "जंतच की. लहान आहेत अजून."

मेट्रोनिडाझोल हे मुळात माणसांचं औषध. १९६०च्या सुमारास ते फ्रान्समध्ये आलं आणि पुढे आमांशावर इतकं चाललं की ते ज्याच्या पोटात कधीच गेलं नाही असा मराठी माणूस शोधावा लागेल. तरी ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये असा नियम आहे, आणि तात्यांना नियम असला की बरं वाटतं. ते जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हशींचे जाणकार. त्यांनी आयुष्यात मासा पाहिला होता तो ताटात. पण तात्यांची वही, पाण्याच्या तपासणीचे आकडे आणि भाचीने काढलेले फोटो बघून ते उठून उभे राहिले आणि चिठ्ठी लिहून दिली. रुग्णाच्या नावापुढे 'फ्लॉवरहॉर्न, नर' असं लिहिलं, आणि वजनाची जागा जराशा खेदाने रिकामी सोडली.

इथे एक शास्त्र आहे, ते तात्यांनी एजंटला रिक्षात समजावून सांगितलं. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. त्याच्या अंगातलं मीठ बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त, त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आपोआप आत शिरत राहतं आणि ते बाहेर फेकण्यातच त्याचा दिवस जातो. समुद्रातल्या माशाचं उलटं. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो सतत पितो. तेव्हा पाण्यात औषध घालून ते याच्या आतड्यापर्यंत पुरेसं पोहोचेल याची खात्री नाही. खरी वाट खाण्यातून. पण हा खात नाही. म्हणून आधी पाण्यातून द्यायचं, थोडी भूक लागली की खाण्यातून.

"पाण्यात राहून पाणी पीत नाही?" एजंट अवाक झाले. त्यांच्या दृष्टीने हा वैराग्याचा कळस होता.

केमिस्टने चिठ्ठी वाचली नाही. गोळ्यांची पट्टी कापता कापता सवयीने म्हणाला, "जेवणानंतर द्या. आणि काका, हे चालू असेपर्यंत दारू अजिबात नाही."

"रुग्ण पाणीसुद्धा पीत नाही," तात्या म्हणाले, आणि पावती मागून घेतली.

मासा झाकणाच्या बादलीतून, लिफ्टने, तात्यांच्या हॉलमधल्या आजाऱ्याच्या टाकीत आला. तीन फुटी टाकी, पण तात्यांनी पाणी लिटरच्या मापाने मोजून ओतलं आणि ऐंशी लिटरवर काचेला रेघ मारली. पाणी तीस अंशांपर्यंत तापवलं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो म्हणून हवेचा जादा दगड सोडला. कोळसा औषध शोषून घेतो म्हणून फिल्टरमधला कोळशाचा कप्पा रिकामा केला. दिवा बंद. मग हिशेब. चाळीस लिटरला साधारण अडीचशे मिलिग्रॅम, तर ऐंशीला पाचशे. बाजारात गोळी चारशेची. म्हणजे सव्वा गोळी.

"सव्वा!" आजी म्हणाल्या. "शुभ आहे." या औषधयोजनेवर त्यांचा विश्वास बसला तो इथे.

पाव गोळी सुरीने कापणं तात्यांना मंजूर नव्हतं. गोळीत औषधाखेरीज खडू-पिठासारखं भरताडही असतं, तेव्हा वजन करायचं ते त्याच्यासकट. ते सोनाराकडून छोटा काटा घेऊन आले, अख्ख्या गोळीचं वजन केलं, दुसरीतला बरोबर चौथा हिस्सा तोलला, खलात घोटला, कोमट पाण्यात विरघळवला आणि टाकीच्या चार कोपऱ्यांत ओतला. दिवसाआड, आधी चौथा हिस्सा पाणी बदलून, असे तीन डोस ठरले. बांगडा तळायचा असला की काकू एरवीही हॉलचं दार लावून घेतात; या काळात त्यांनी बांगडाच बंद ठेवला.

याच आठवड्यात तात्या एका मुंजीला जेवून आले आणि रात्री पोट बिघडलं. काकू डॉक्टरकडे चला म्हणाल्या. तात्यांनी उरलेली पट्टी उचलली, एक गोळी न मोजता, न तोलता तोंडात टाकली आणि म्हणाले, "बघू, थांबतंय का."

"आधी पाणी तपासा," काकू म्हणाल्या आणि दिवा मालवून झोपल्या.

मासा तात्यांकडे असल्याचं कळल्यावर त्याला भेटायला लोक येऊ लागले. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आपली रीत. एजंट शहाळं घेऊन आले, ते तात्यांनी प्यायलं. सेक्रेटरी बिस्किटांचा पुडा ठेवून गेले. एजंटच्या वहिनी तात्या बाजारात गेलेले बघून येत आणि माशासमोर हात जोडून उभ्या राहत. तात्या परत येऊन टाकी तपासत आणि नोंदी करत. एका नोंदीत आहे: 'तळाशी काळे, गोल कण: सात. स्वरूप अज्ञात. अंडी नव्हेत, आकार फार मोठा.' पुढे कंसात, 'निरीक्षण चालू.'

तिसऱ्या डोसनंतर मासा कोपऱ्यातून बाहेर आला आणि काचेवरून जाणाऱ्या तात्यांच्या बोटावर धावून गेला. भूक लागल्याची खूण. तात्यांनी काकूंच्या कोळंबी-भातातली मूठभर कोळंबी वेगळी काढली, उकडलेले वाटाणे सोलून घातले, बारीक केलं, चायना ग्रासमध्ये घट्ट केलं आणि निवत आल्यावर शंभर ग्रॅमला एक ग्रॅम या मापाने औषध मिसळलं. मेट्रोनिडाझोल जिभेला लागलं तर माणूस दिवसभर तोंड वाकडं करून बसतो. माशाने पहिला तुकडा थुंकला. तात्यांनी दुसऱ्यात लसणाचा रस घातला. तो गिळला. काकू म्हणाल्या, "बघा, फोडणीचं महत्त्व."

आणि मग एका सकाळी, दूधवाल्याच्याही आधी, तात्या जिन्यातून उतरताना आम्हाला दिसले. अंगावर बनियन, हातात मोबाइल. बँकेत अफरातफर पकडल्यावरही ज्यांनी आवाज चढवला नव्हता, ते ओरडत होते, "तपकिरी! जाड! आणि बुडाली!" सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडला. त्यावर आलेल्या अंगठ्यांची संख्या स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनापेक्षा जास्त होती. दुपारी एजंटचा रखडलेला एक व्यवहार मार्गी लागला आणि ते पेढे घेऊन आले.

गोष्ट इथे संपली असती तर तात्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत सुखाचा दिवस ठरला असता. पण औषध संपल्यावर पाण्यातला त्याचा अंश काढायला पुन्हा कोळसा घालायचा असतो. तात्यांनी फिल्टरचा रिकामा कप्पा उघडला. तो रिकामा नव्हता. आत मलमलची एक सुबक पुरचुंडी होती, आणि पुरचुंडीत वावडिंग.

तात्यांनी त्याच संध्याकाळी चौकशी बसवली. टेबलावर वही, शेजारी पुरचुंडी, समोर खुर्ची. आजी खुर्चीत न बसताच म्हणाल्या, "मीच ठेवली. पहिल्या दिवशीच. दुधात उकळून पाजायची तर तू म्हणालास तो काही पीतच नाही." युक्तिवाद बिनतोड होता. मग एजंटच्या वहिनींचा धीर सुटला. त्यांनी तीनदा माशाची दृष्ट काढली होती. मीठ-मोहऱ्या ओवाळताना मुठीतून थोडं सांडलं असेल. तात्यांनी काळ्या कणांची नोंद काढली, 'स्वरूप अज्ञात' खोडून 'मोहरी' लिहिलं आणि मीठ किती पडलं ते विचारलं. ते वहिनींना सांगता येईना. सेक्रेटरींनी खाकरत कबूल केलं की त्यांनी हळदीची एक चिमूट... अगदी एकच. एजंट जमिनीकडे बघत होते. त्यांनी पाण्यात काही टाकलं नव्हतं, पण वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून तात्या झोपलेले असताना काकूंची परवानगी काढून टाकीखालचं टेबल ईशान्येकडे चार इंच सरकवलं होतं.

आम्हाला वाटलं, तात्या चिडतील. ते चिडले नाहीत. एखाद्या शाखेतली सगळी रोकड बरोबर भरावी आणि एकाही व्यवहाराची पावती सापडू नये, तसे ते बसून राहिले. मासा बरा झाला होता. पण कशाने?

"औषधानेच हो, तात्या," मी म्हणालो. "भिंगातून तुम्ही स्वतः पाहिलंत."

"मला वाटतं तसं," तात्या म्हणाले. "पण वाटणं वहीत लिहिता येत नाही. पाच गोष्टी एकदम केल्या की पाचही जण बरोबर ठरतात. आता पुढच्या वेळी प्रत्येक जण आपापलंच घालणार." आणि खरंच, खोलीतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपल्याचमुळे झाल्याचं समाधान होतं, फक्त बाकीच्यांचा मान राखायचा म्हणून कोणी बोलत नव्हतं. भाचीने पुन्हा एकदा नमुना तपासला. भिंगाखाली काहीही धावत नव्हतं. तात्यांनी अहवाल पूर्ण केला: 'रुग्ण बरा. खिमा बंद. फिल्टर टाकीच्याच पाण्यात धुवावा. श्रेय: अनिर्णित.'

मात्र हार मानणं तपासणी खात्यात बसत नाही. आठवड्याच्या आत टाकीशेजारी खिळ्याला दोरी लावून एक नवी वही टांगली गेली. रकाने आखलेले: तारीख, वेळ, काय घातलं, किती घातलं, कोणाच्या सांगण्यावरून, सही. वर तात्यांच्या अक्षरात सूचना: 'गुपचूप उपचार करणाऱ्यांनी कृपया नोंद करावी. नाव गुप्त ठेवले जाईल.' आता घालायचं बंद करा असं ते कोणालाच सांगत नाहीत. ते अशक्य आहे, हे त्यांना पटलं आहे. त्यांचं म्हणणं इतकंच, की लिहून घाला.

वहीत पहिली सही काकूंची आहे. त्यांनी मागची तारीख टाकून लिहिलं, की मासा ज्या रात्री घरी आला त्याच रात्री त्यांनी ग्रामदेवतेचा अंगारा लावला होता. तात्यांनी ते वाचलं, चश्मा काढला, पुन्हा लावला आणि विचारलं, "पाण्यात?"

"छे," काकू म्हणाल्या, "काचेला. बाहेरून."

तात्यांनी पट्टी घेतली आणि एक नवा रकाना आखला: 'बाह्य उपचार'.